पुढचा मास्तर कोण?

ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकपदी खालिद जमील यांची नेमणूक झाली, तेव्हा नेरडीगोंड्याच्या आमच्या शाळेतील शिक्षकमंडळी हरखून गेली होती. तेरा वर्षांनी देशी माणूस लाभला! ऑक्टोबरात मडगावी सिंगापूरने २–१ असे हरविले, आशियाई चषकाची वाट बुजली, आणि तीच मंडळी मधल्या सुट्टीत परदेशी नावे घोकू लागली. अखेर कौल आमच्याकडे मागण्यात आला.

वाचकहो, खेळातले आम्हांस बेताचेच कळते. परंतु हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम मुळात शाळामास्तर, म्हणून त्यांच्याविषयी आम्हांस अंमळ अधिक जिव्हाळा. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने त्याच भारताला १०–१ असे लोळविले. दहा गोल! आज अशा प्रशिक्षकाला कोणी पुन्हा उंबरठा ओलांडू दिला असता काय? तरीही १९५६ साली मेलबर्नला संघ रहीमसाहेबांच्याच हाती होता, आणि तो ऑलिंपिकात चौथा आला. १९६२ साली जाकार्तात, कर्करोगाने देह पोखरलेला असताना, त्यांनी दुसरे सुवर्ण मिळवून दिले. पुढच्या वर्षी ते गेले. तसे सुवर्ण पुन्हा आले नाही.

आम्ही जमीलांच्या पारड्यात मत टाकले. “दहावीचा निकाल घसरला की गावात आपल्या बदलीची चर्चा होते, म्हणून हा पक्षपात!” आमचे गणिताचे शिक्षक म्हणाले. आम्ही घंटा देण्यास सांगितले.