थर जंतूंचा, बोल बाईला!

“पुन्हा अंगावरून जायला लागलं” ही तक्रार आपल्या गटांना नवी नाही. गोळ्या घेतल्या की बरे वाटते. दोन-तीन महिन्यांत तोच स्राव, तोच वास. मग बाईलाच बोल लागतो : स्वच्छता ठेवत नसशील, गोळ्या अर्ध्यावर सोडल्या असशील.

या त्रासाचे एक नेहमीचे कारण म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस. यात योनिमार्गातल्या उपकारक जंतूंची जागा गार्डनेरेला आणि इतर जंतू घेतात. ते अस्तराला चिकटून दाट थर करतात, असे बर्लिनच्या संशोधकांनी २००५ साली दाखवले. या थराला बायोफिल्म म्हणतात. माठाच्या आत धरणारा बुळबुळीत थर आठवा. नुसते पाणी फिरवून तो निघत नाही. जंतू स्वतःच्याच चिकट द्रव्यात दडतात. औषध आतपर्यंत पुरेसे पोचत नाही, आणि आतले मंदावलेले जंतू त्याला सहज दाद देत नाहीत. वरचे मरतात, त्रास थांबतो. उरलेले पुन्हा वाढतात. योनिमार्ग आतून धुण्याने तर अपायच होतो. दुखणे अंगावर काढावे असेही ते नाही : अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा आणि एचआयव्हीच्या लागणीचा धोका त्याने वाढतो.

हेच जंतू पुरुषाच्या लिंगावरही असतात; त्याला बहुधा काहीच जाणवत नाही. ऑस्ट्रेलियातल्या जोडप्यांचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. फक्त बाईला औषध दिले तेव्हा बारा आठवड्यांत ६३ टक्के जणींना त्रास उलटला. जोडीदारालाही सात दिवस गोळ्या आणि मलम दिले तेव्हा ३५ टक्के जणींना.

राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत तपासलेल्या ६५० बायकांपैकी ९२ टक्के जणींना स्त्रीरोग वा लैंगिक आजार होते. यापूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. ही गोष्ट १९८९ सालची. तपासणीविना गोळ्यांची पुडी हातावर ठेवणे अजूनही चालते.

म्हणून आपली मागणी असावी : आधी तपासणी, आणि त्रास उलटत असेल तर नवऱ्यालाही उपचार. मात्र “नवऱ्याला घेऊन ये” एवढे सांगून दवाखान्याने मोकळे होऊ नये. त्यातून संशय आणि मारहाण घरी पोचते. हा कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही, हे त्याला डॉक्टरांनीच सांगायला हवे. दुखणे दोघांचे, तर औषध एकटीनेच का घ्यायचे?