सर्व्हे आपणच करायचा, पण कच्चा नाही



जयंतीच्या तयारीत असताना आम्ही काही कार्यकर्त्यांनी एक गुगल फॉर्म काढला होता. विषय होता बीड जिल्ह्यातल्या आपल्या तरुणांवरचा मानसिक ताण. लिंक जयंती समित्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली आणि चार दिवसांत उत्तरांचा ढीग पडला. बहुतेकांनी 'होय, आम्ही निराश आहोत' असंच लिहिलं होतं. पत्रकार परिषदेची तयारी सुरू झाली. तेवढ्यात एका ताईंनी विचारलं, "यात ऊसतोडीला जाणाऱ्या बाया किती?" आम्ही उत्तरं चाळली. एकही नव्हती. घरातला फोन नवऱ्याकडे आणि ग्रुप सगळे पोरांचे, मग त्या येणार कुठून?

पत्रकार परिषद आम्ही रद्द केली. काही साथी नाराज झाले. त्यांचं म्हणणं होतं, "अन्याय डोळ्यांना दिसतोय, मग आकडे कशाला? सर्व्हे हे विद्यापीठाचं काम." हे म्हणणं आम्हाला मान्य नाही.

1932 साली लोथियन समितीपुढे अस्पृश्यांची संख्या किती, यावरच वाद पेटला होता. प्रतिनिधित्व संख्येवर ठरणार हे दिसताच काही प्रांतांतून 'आमच्याकडे अस्पृश्य फारसे नाहीतच' असा सूर निघाला. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. त्यांनी हा आकड्यांचा खेळ ओळखला आणि आपली वेगळी टिपणी जोडली. मोजणी कोण करतो आणि प्रश्न कसा विचारतो, यावर आपले हक्क ठरतात. हा धडा आपल्याला तेव्हाच मिळालेला आहे.

आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण घ्या. ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, हे वस्तीवर सगळ्यांना माहीत होतं. पण 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आकडा मांडला, तेव्हा राज्याला ते ऐकावं लागलं. 82,309 बायांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे जवळपास 17 टक्के, दर सहा बायांमागे एक. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या बायांमध्ये देशभरात हेच प्रमाण साधारण 3 टक्के होतं. दोन्ही पाहण्यांची रचना सारखी नाही हे खरं, पण एवढी तफावत रचनेच्या फरकाने झाकता येत नाही.

तरी त्या आकड्याने निम्मंच सांगितलं. उचल घेतलेली, खाडा पडला तर पैसे कापले जाणार, कॅन्सरची भीती दाखवलेली. अशा अवस्थेत बाईने घेतलेला 'निर्णय' तिचा किती? आणि ऑपरेशननंतर तिच्या मनाचं काय झालं? हे विचारायला आपल्यातलेच लोक लागतील. पण त्यांना विचारता आलं पाहिजे.

आमच्या फॉर्ममधला पहिला प्रश्न होता, 'जातीय अन्याय आणि बेरोजगारीमुळे तुम्ही निराश आहात का?' या एका वाक्यात तीन चुका आहेत. दोन कारणं एकत्र बांधली, उत्तर आधीच सुचवलं, आणि 'निराश' म्हणजे काय ते सांगितलंच नाही. आपल्या बाया निराश म्हणत नाहीत. त्या म्हणतात मन लागत नाही, जीव घाबरा होतो, डोकं जड पडतं. प्रश्न त्या भाषेत हवा, आणि तो 'गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस' असा मोजता येणारा हवा. आधी दहा जणांना विचारून बघावं. ते अडखळले तर चूक प्रश्नाची समजावी.

एक प्रश्न नीट फोडला की काय घडतं, ते 2011-12 च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात दिसतं. त्यात आधी विचारलं, तुमच्या घरात कुणी अस्पृश्यता पाळतं का? 'नाही' म्हणणाऱ्यांना पुढे विचारलं, अनुसूचित जातीचा माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आला, तुमची भांडी वापरली, तर चालेल का? तोंडाने नाही म्हणणारे काहीजण इथे सापडले. दोन्ही मिळून देशातली साधारण 27 टक्के घरं अस्पृश्यता पाळणारी निघाली. माणूस स्वतःबद्दल बरंच सांगतो, म्हणून प्रश्न वागण्याबद्दल विचारावा.

कुणाला विचारायचं, हेही आपल्या मर्जीवर नको. वस्तीतल्या सगळ्या घरांची यादी करा आणि चिठ्ठी टाकून किंवा दर चौथं घर घेऊन निवड करा. दार बंद दिसलं तर शेजारच्याला विचारून मोकळं होऊ नका, पुन्हा जा. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कोयते बाहेर असतात. त्या काळात गावात सर्व्हे केला तर सर्वांत जास्त सोसणारेच गळतात. बाईशी बाईनेच बोलावं. सासू किंवा मुकादम शेजारी बसलेला असेल तर ती मुलाखत धरू नये.

मनाबद्दल विचारताना जबाबदारी आणखी वाढते. पीएचक्यू-9 या प्रश्नावलीत नऊ प्रश्न आणि 27 गुण असतात. 10 किंवा जास्त गुण म्हणजे पुढे तपासणी हवी, आजार सिद्ध झाला असं नाही. तिचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. कुणी त्याला 'हो' म्हटलं तर फॉर्म बाजूला ठेवून त्या माणसाजवळ बसावं लागतं. टेली-मानसचा 14416 हा मोफत नंबर आणि जवळच्या सरकारी दवाखान्याची माहिती खिशात नसेल, तर तो प्रश्न विचारायचा आपल्याला अधिकार नाही. फॉर्मवर नाव आणि फोन नंबर नको. वीस घरांच्या वस्तीत वय आणि शिक्षण लिहिलं तरी माणूस ओळखू येतो, हे अहवाल लिहितानाही लक्षात ठेवा.

शेवटचं, निष्कर्ष आधी विहारात वाचा, मग पत्रकारांना द्या. आपल्या म्हणण्याविरुद्ध गेलेली उत्तरंही वाचा. कुणी सांगितलं म्हणून मानू नका, तपासून घ्या, हे तथागतांनी कालामांना सांगितलं होतं. ते आपल्या आवडत्या आकड्यांनाही लागू आहे. आपला एक खोटा आकडा पकडला गेला, तर शंभर खऱ्या गोष्टी खोट्या ठरवायला लोक टपलेले आहेत.

आमचा फॉर्म आम्ही पुन्हा लिहितोय. पावसाळ्यात, कोयते घरी असताना, दारोदार जाणार आहोत. त्या ताई प्रश्न तपासतील. ज्यांना यायचं असेल त्यांनी एक रविवार आधी यावं, विचारायला शिकावं.

जय भीम, जय संविधान!