भेरूगढचा मुक्काम

गेल्या नोव्हेंबरात दफनभूमीत आपल्या मृतांसाठी मेणबत्त्या लावून झाल्या आणि चारच दिवसांनी आम्ही सहकुटुंब उज्जैनला गेलो. आम्ही म्हणजे माझी वृद्ध आई, पत्नी, बारावीतला मुलगा, धाकटी मुलगी आणि मी. माझे एक जुने सहकारी निवृत्तीनंतर तेथे आपल्या मूळ घरी राहावयास गेले आहेत. त्यांचे निमंत्रण वर्षानुवर्षे पडून होते. बोरिवलीस अवंतिका एक्सप्रेसमध्ये बसलो आणि सकाळी उज्जैनला उतरलो.

आमची समजूत अशी की, मित्राचे घर शहराच्या ऐन मध्यावर, महाकाल मंदिराच्या आसपास असेल. २०२२ मध्ये 'महाकाल लोक' खुले झाल्यापासून तिकडे यात्रेकरूंची केवढी दाटी झाली आहे! परंतु रिक्षा शहर मागे टाकून क्षिप्रेच्या काठाने निघाली आणि भैरवगढात येऊन थांबली. तेथील लोक ह्या वस्तीला भेरूगढ म्हणतात. एका बाजूस काळभैरवाचे देऊळ, दुसरीकडे मध्यवर्ती कारागृह आणि गल्लीबोळांतून छिप्यांची म्हणजे कापड छापणाऱ्यांची घरे. दोऱ्यांवर चादरी, साड्या, ओढण्या वाळत होत्या. आई रिक्षातून उतरली, क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, "इथे मेणबत्त्या करतात का रे?"

वास खरोखरच मेणाचा होता. शेजारच्या ओसरीवर चुलीवरील भांड्यात मेण वितळत होते.

ह्या वस्तीचे बातिक काम प्रसिद्ध आहे. २०२३ मध्ये 'उज्जैन बातिक'ला भौगोलिक मानांकनही मिळाले. बातिक म्हटले की जग जावा बेटाकडे बोट दाखविते, आणि इंडोनेशियाच्या बातिकला युनेस्कोने २००९ मध्ये मान दिला तो योग्यच आहे. पण आम्हांस ही कला भेटली ती शेजाऱ्यांच्या ओसरीवर, आणि चार दिवस आमचा बहुतेक वेळ तेथेच गेला. वेधशाळा मात्र पाहिली. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेल्या त्या यंत्राच्या सावलीवरून धाकटीने वेळ वाचली आणि माझे घड्याळ चुकीचे ठरविले. शिंदे सरकारची बैजाबाईंनी बांधविलेली गोपाळ मंदिराची वास्तूही बाहेरून पाहिली. बाजारात मराठी आडनावांच्या पाट्या दिसल्या तेव्हा पत्नीला माहेरी आल्यासारखे वाटले.

ओसरीवरचे वृद्ध कारागीर आम्हांस 'भाईसाहब' आणि आईस 'अम्माजी' म्हणत. त्यांनी मुलांना सारे समजावून सांगितले. कापडावर जेथे रंग नको तेथे तापलेले मेण द्यावयाचे. मग कापड रंगाच्या थंड पाण्यात बुडवावयाचे. पाणी गरम असेल तर मेणच वितळून जाईल. आधी फिका रंग, मग पुन्हा मेण, मग गडद रंग. म्हणजे पिवळे फूल हवे असेल तर सारे कापड प्रथम पिवळे करावयाचे आणि फूल मेणाखाली झाकून ठेवावयाचे! सरतेशेवटी उकळत्या पाण्यात मेण सुटते, वर तरंगते, ते काढून पुन्हा कामास येते. पॅराफिन अधिक असले की मेणास भेगा पडतात, त्यांतून रंग आत शिरतो आणि कापडावर बारीक शिरांचे जाळे उमटते. मधमाशीचे मेण मिसळले की ते लवचीक होते, भेगा आवरतात. आम्ही त्या जाळ्याला दोष समजलो होतो. पहिल्याच दिवशी पत्नीने एका चादरीवरील रेघा दाखवून किंमत उतरविण्याचा प्रयत्न केला होता. तिसऱ्या दिवशी तिने तीच चादर, सांगितलेल्या किमतीस, मुकाट्याने घेतली.

आता माझी गोष्ट सांगतो. मुलाला मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात जावयाचे आहे आणि मला त्यास अभियंता करावयाचे आहे. वर्षभर आमच्या घरी हाच वाद. चित्रकला फावल्या वेळेची, असे माझे ठाम मत. भेरूगढात हा मुलगा पहाटे उठून ओसरीवर जाऊन बसे. एकदा वृद्ध कारागिरांनी त्याच्या हाती कलम दिली. हात थरथरला, मेणाचे थेंब नको तेथे पडले. ते हसले नाहीत. मग मला म्हणाले, "माझा मुलगा इंदूरला कंपनीत लागला. पगार बरा आहे. पण भाईसाहब, तो इकडे आला तरी भांड्याजवळ बसत नाही." ते तक्रार करीत नव्हते. मला मात्र चहाचा घोट गिळवेना.

त्याच रात्री मित्राने विष्णु श्रीधर वाकणकरांची गोष्ट काढली. उज्जैनचा हा मराठी माणूस हाडाचा चित्रकार. त्याच्या डोळ्यांनी १९५७ मध्ये भीमबेटकाच्या खडकांवरील हजारो वर्षांपूर्वीची चित्रे हेरली. १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि ते खडक २००३ मध्ये जागतिक वारसा ठरले. मित्राने हे माझ्याकडे न पाहता सांगितले. तो पूर्वीपासूनच असा धूर्त आहे.

निघताना मुलाने स्वतः केलेला रुमाल बरोबर घेतला. त्यावर मासा आहे. शेपटीकडे मेण फुटून रंग पसरला आहे. आईने तो घरच्या वेदीवर क्रुसाखाली अंथरला असून कोणी हलवू म्हटले तर ती ऐकत नाही.

कला शाखेच्या प्रवेशपरीक्षेचे शुल्क मी परवा भरले. अभियांत्रिकीच्या परीक्षेचेही भरले आहे, हे वाचकांपासून लपवीत नाही.