शेवटी गाडीत सगळं एकच होतं ना?

कचरा वेगळा करा, असं कुणालाही सांगून बघा. समोरून ठरलेला डायलॉग येतो. ‘काय उपयोग? शेवटी गाडीत सगळं एकच करतात!’

हा डायलॉग मीही मारलाय. पुण्यात आम्ही चौघी एका फ्लॅटवर राहतो. रविवारी पिझ्झा, मंगळवारी बिर्याणीचं पार्सल, रोजचे चहाचे कागदी कप, कोल्ड्रिंकच्या बाटल्या, उरलेली भाजी. सगळं एकाच काळ्या पिशवीत. गाठ मारायची, दाराबाहेर ठेवायची, विषय संपला. किचनमध्ये दोन डबे होते, हिरवा आणि निळा. निळ्यात आम्ही कांदे ठेवायचो.

एक दिवस लेक्चरला उशीर झाला म्हणून पळत खाली आले, तर पार्किंगच्या कोपऱ्यात कचरा नेणाऱ्या मावशी बसल्या होत्या. समोर आमचीच पिशवी उघडलेली. बिर्याणीच्या भातात हात घालून त्या बाटल्या बाहेर काढत होत्या, फडक्याने पुसत होत्या आणि बाजूला ठेवत होत्या. मला एकदम आठवलं. आदल्या रात्री माझ्या हातून ग्लास फुटला होता आणि काचा मी तशाच पिशवीत लोटल्या होत्या.

‘मावशी, जपून हां, काच आहे त्यात!’

त्यांनी बोट वर करून दाखवलं. चिंधी बांधलेली होती. ‘आता सांगतेस होय? लागली की मगाशीच.’ आणि पुन्हा हात भातात.

त्या दिवशी लेक्चरमध्ये माझं लक्ष नव्हतं, हे वेगळं सांगायला नको. पण एक गोष्ट डोक्यात नीट बसली. आपल्या दारापासून गाडीपर्यंत मध्ये एक स्टॉप असतो आणि तिथे एक माणूस बसलेला असतो. तुम्ही वेगळं करत नाही, तेव्हा ते काम रद्द होत नाही. ते दुसऱ्या कुणाला तरी उघड्या हातांनी करावं लागतं.

यात पैशांचा हिशोबही आहे. पुण्यात कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना १९९३ मध्ये उभी राहिली. उकिरड्यावर कागद-पत्रा वेचणाऱ्या बायकांनी आपण कामगार आहोत हे शहराला मान्य करायला लावलं, ओळखपत्रं मिळवली. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि २००८ पासून महापालिकेबरोबरच्या करारानुसार तिचे सभासद घरोघरी कचरा गोळा करू लागले. घरटी मिळणारं शुल्क ही त्यांची एक कमाई. दुसरी कमाई आपल्या सुक्या कचऱ्यातून भंगारात जे विकता येईल त्याची. म्हणजे पुठ्ठ्यावर रस्सा सांडला की तो पुठ्ठा गेला. भिजलेल्या रद्दीला कोण भाव देणार? आपण आळसाने मारलेली एक गाठ कुणाच्या तरी दिवसाच्या कमाईतून वजा होते.

आता तुमच्या डायलॉगकडे येऊ. मान्य, बऱ्याच गावांत, शहरांत गाडी खरंच सगळं एकत्र नेते. चीड येते, यायलाच पाहिजे. पण म्हणून घरी एकत्र करणं हे त्याचं उत्तर कसं होईल? एक तर सुक्या कचऱ्याला गाडीची गरजच नसते. तो सडत नाही, वास मारत नाही. बाल्कनीत पोतं ठेवा, महिन्यातून एकदा भंगारवाल्याला बोलवा. दुसरं म्हणजे, २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगवेगळा देणं आपल्यावर बंधनकारक केलं आणि तो तसाच वेगळा नेणं पालिकेवर. गाडी एकत्र करत असेल तर फोटो काढा, वॉर्ड ऑफिसला तक्रार करा, नगरसेवकाला टॅग करा. फक्त तुमची स्वतःची पिशवी आधी वेगळी हवी. नाहीतर कुठल्या तोंडाने भांडणार?

आणि एकत्र झालेला कचरा जातो कुठे, हेही एकदा बघा. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर ओतला गेला. तिथल्या लोकांनी वास सोसला, विहिरींचं पाणी खराब झालेलं पाहिलं. २०१७ च्या उन्हाळ्यात डेपोला आग लागली, तेव्हा गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. मग कुठे शहराला कचऱ्याची आठवण झाली. मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा टाकतात. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली आणि तिचा धूर उपग्रहाच्या फोटोतही दिसला. ढिगाखाली हवेविना सडणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो, त्यात प्लास्टिक-कागद मिसळला की आगीला सगळं आयतं मिळतं. या दोन्ही ठिकाणी आपल्याच वयाची मुलंमुली राहतात, कॉलेजला जातात. त्यांनी खिडकी कुठल्या बाजूची उघडायची, हे आपली पिशवी ठरवते.

बरं, करायचं काय? फार काही नाही. सडतं ते ओल्यात. बाकीचं बहुतेक सुक्यात, पण सुका म्हणजे खरंच सुका. पार्सलचा डबा, दुधाची पिशवी, दह्याचा कप पाण्याखाली धरा, निथळू द्या, मग टाका. भांडी घासताना शेवटच्या साबणाच्या पाण्यातही हे होतं. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका, लटकता राहू द्या. तो एवढासा तुकडा नंतर कुणालाच वेचता येत नाही.

काही गोष्टींत आपण हमखास चुकतो. पिझ्झाच्या बॉक्सचं तेलकट बूड रद्दीत चालत नाही. झाकण फाडून सुक्यात टाका, बूड ओल्यात. चहाचा ‘कागदी’ कप आतून प्लास्टिकचा थर दिलेला असतो, त्यामुळे तो रद्दीतला कागद नाही. चिप्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि धातूचे थर चिकटलेले असतात, त्याला भंगारात सहसा कुणी विचारत नाही. त्यावर वेगळं करणं हा उपाय फार पुरत नाही, कमी घेणं हाच. म्हणजे निळ्या डब्यात टाकलं की पाप धुतलं, असंही समजू नका.

काच, ब्लेड जाड कागदात गुंडाळा, वर ‘काच’ असं लिहा. बॅटरी, ट्यूब, जुनी औषधं वेगळ्या पिशवीत. आणि मुलींनो, पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. ही खूण एवढ्यासाठीच, की न उघडता आत काय आहे ते कळावं. यात लाजण्यासारखं काही नाही. दुसऱ्या बाईला ते हातात घ्यायला लावणं ही लाजेची गोष्ट आहे. आणि मुलांनो, घरातला कचरा फक्त आई किंवा बहीण वेगळा करत असेल, तर हा परिच्छेद तुमच्यासाठीही आहे.

आमच्या फ्लॅटवर पहिले पंधरा दिवस भांडणं झाली. निळ्या डब्यात रस्स्याची वाटी सापडायची आणि ‘मी नाही टाकली’ असं चौघी म्हणायचो. मग फ्रीजवर कागद लावला आणि वार वाटून घेतले. आता रोजचं काम पाच मिनिटांचं आहे. मावशींचं बोट बरं झालं. मध्ये एकदा मी विचारलं, आमचं नीट असतं ना हो? त्या म्हणाल्या, ‘तुमचं बरंय आता. वरच्या मजल्यावरच्या पोरांना सांग की जरा.’

वरच्या मजल्यावर जाऊन आले. दार उघडलं, म्हणणं ऐकून घेतलं आणि एक जण म्हणाला, ‘काय उपयोग? शेवटी गाडीत...’

परत जाणारे. या वेळी त्याला सकाळी साडेआठला पार्किंगमध्ये यायला सांगणार आहे.