मशीन ओरडतंय की पळतंय?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. रस्त्यावर झाड, अंगणात झाड. कुऱ्हाडीने एकेक खोड तोडत बसायचं म्हटलं तर पावसाळा संपला असता! अशा वेळी उपयोगी पडते ती चेनसॉ, म्हणजे साखळीची करवत. लांब पट्टीभोवती दातेरी साखळी गरगरा धावते आणि तिला फिरवायला मागे छोटं पेट्रोल इंजिन. नवं मशीन महाग, म्हणून पुष्कळजण वापरलेलं घेतात. आणि वापरलेल्या मशीनचं नेहमीचं दुखणं म्हणजे कार्बुरेटर.

कार्बुरेटर म्हणजे इंजिनाचा आचारी. हवा किती, पेट्रोल किती, याचं मिश्रण तो करतो. जुन्या स्कूटरच्या कार्बुरेटरमध्ये एक वाटी असते आणि तिच्यात तरंगणारा फ्लोट. तुमच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी भरलं की गोळा वर येतो आणि नळ बंद होतो ना? अगदी तसंच. पण बरं का, टाकी आडवी केली तर? गोळा बिचारा गोंधळेल! चेनसॉ तर कधी आडवी धरावी लागते, कधी उभी. म्हणून फार पूर्वीच्या काही करवतींमध्ये अशी सोय होती, की इंजिन सरळच ठेवायचं आणि पुढची पट्टी तेवढी वळवायची. दोन माणसं लागायची ती उचलायला!

नंतर फ्लोटच्या जागी आला पातळ पडदा, त्याला डायफ्रॅम म्हणतात. आतलं पेट्रोल कमी झालं की पडदा आत ओढला जातो, एक चिमुकली तरफ दाबतो, सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल आत येतं. दुसरा एक पडदा पंपाचं काम करतो. त्याला हलवतं कोण? खुद्द इंजिन! पिस्टन वर-खाली झाला की त्याच्या खालच्या पोकळीतला दाब कमी-जास्त होतो. तो दाब एका बारीक भोकातून पडद्यापर्यंत पोचतो आणि पडदा धडधडू लागतो. आता मशीन उलटं धरा, तिरपं धरा, पेट्रोल येतच राहतं.

एका मिस्त्रींच्या टपरीवर मी असंच एक वापरलेलं मशीन पाहिलं. आधीच्या मालकाने त्याला दुसऱ्याच मशीनचा कार्बुरेटर बसवला होता. शिवाय ‘ताकद वाढावी’ म्हणून सायलेन्सरला दोन भोकं पाडलेली. नव्या मालकाने दोरी ओढली, मशीन लगेच चालू! रेस दिली तर शिट्टीसारखा तीक्ष्ण आवाज. “बघा मिस्त्री, काय पळतंय!” तो खूश होऊन म्हणाला. मिस्त्रींनी पुढे होऊन आधी बटण बंद केलं. “भाऊ, पळत नाहीये ते. तहानेनं ओरडतंय.”

तुम्ही म्हणाल, तहान कसली? तर ऐका. हे टू-स्ट्रोक इंजिन. त्याला तेलाची वेगळी टाकी नसते (साखळीची असते, ती निराळी). इंजिनाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळतात. कंपनीने ५०:१ सांगितलं असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर, २५:१ असेल तर ४०. म्हणजे पेट्रोल कमी पोचलं की तेलही कमी पोचलं! वर हवा जास्त झाली की उष्णताही वाढते. असं इंजिन मोकळं फिरवलं तर नेहमीपेक्षा जोरात फिरतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, वा, काय दम आहे! मिनिटाला १२,००० फेरे म्हणजे सेकंदाला २००. हिशेब करून पाहा. तेलाशिवाय २०० वेळा घासलं गेलं तर पिस्टनचं काय होईल? तो सिलिंडरला चिकटतो. मिस्त्रींच्या भाषेत ‘सीझ’ होतो. म्हणजे मशीनही गेलं आणि त्यावरची रोजीही गेली.

मिस्त्रींनी सायलेन्सर काढून भोकातून टॉर्च मारला. पिस्टनवर उभे ओरखडे उमटायला लागले होते, पण खोल नव्हते. वाचला! मग कार्बुरेटर उतरवला. तो लहान इंजिनाचा निघाला. त्याखालचं पॅकिंग वहीच्या पुठ्ठ्याचं, त्यातून हवा शिरत होती. त्यात सायलेन्सरच्या भोकांमुळे इंजिनाचा श्वास मोकळा झालेला, पेट्रोल मात्र वाढवलेलं नाही. तिन्ही गोष्टी एकाच बाजूला ओढणाऱ्या.

मूळचा कार्बुरेटर मालकाच्या पिशवीतच होता. त्याचं काय बिघडलं होतं? काही महिने टाकीत पेट्रोल तसंच राहिलं, पडदा कडक झाला, एवढंच. (आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून काम संपलं की टाकी रिकामी करून ठेवावी.) नवे पडदे, नवी सुई, जाळी साफ. झालं! माझं मत विचाराल, तर आधी हेच करून पाहावं. दुसरा कार्बुरेटर बसवूच नये असं नाही, पण त्याचं तोंड, स्क्रूंमधलं अंतर, रेसची तार आणि ते दाबाचं बारीक भोक, सगळं जुळलं पाहिजे. पॅकिंग उलटं बसून भोक झाकलं गेलं, तर पंपाचा पडदा हलणारच नाही.

आता ट्युनिंग. जास्त वेगाचा स्क्रू मिस्त्रींनी थोडा उलट फिरवून पेट्रोल वाढवलं, कारण सायलेन्सरची भोकं आता होतीच. पूर्ण रेस दिल्यावर आवाज जरा फाटका आला, गुळण्या केल्यासारखा. मालकाचा चेहरा पडला. पण साखळी ओंडक्याला लावताच तोच आवाज स्वच्छ, भरदार झाला आणि भुसा भराभर उडू लागला. मोकळ्यात गुळण्या, लाकडात गाणं. मिस्त्री हेच ऐकत होते.

मालक निघाला, तर मिस्त्रींनी थांबवलं. मशीन नुसतं चालू ठेवून, रेस न देता साखळीकडे बोट दाखवलं. ती हळूहळू सरकत होती! मंद वेग जास्त राहिला की आतला क्लच साखळीला पकडतो, आणि हातातली करवत न सांगता चालू लागते. तुमच्यासारखी मुलं बघायला गोळा होतात, त्यांच्यासाठी तर हे फारच वाईट. (तुम्ही हे मशीन हातात घ्यायचं नाही. आणि झाड पाडताना त्याच्या दुप्पट उंचीइतकं लांब उभं राहायचं.) मिस्त्रींनी मंद वेगाचा स्क्रू किंचित सैल केला. साखळी थांबली. इंजिन फुटफुट करत राहिलं. तेव्हा कुठे त्यांनी मशीन मालकाच्या हातात दिलं.