चिचुंद्री चावली असेल, झोप!



गेल्या पावसाळ्यात तलासरीजवळ आमच्या परिचयातील एका घरी घडलेली ही गोष्ट. जमिनीवर अंथरूण घालून निजलेली बारा वर्षांची मुलगी मध्यरात्री जागी झाली. बोटाला काहीतरी चावल्यासारखे वाटले. दादींनी दिवा लावून पाहिले. ना रक्त, ना सूज. "चिचुंद्री चावली असेल, झोप," म्हणून त्यांनी तिला थोपटले. फजरच्या सुमारास मुलगी पोट दुखते म्हणून रडू लागली आणि थोड्याच वेळात म्हणाली, "अब्बा, माझे डोळे उघडत नाहीत." शेजारी कुणी भगताकडे न्या म्हणाले, कुणी पाण्यावर दम करून आणतो म्हणाले. अब्बांनी कुणाचेही न ऐकता तिला गाडीत घालून रुग्णालय गाठले. चावली होती ती मण्यार. काही दिवस यंत्राच्या मदतीने श्वास घेऊन मुलगी वाचली, अल्हम्दुलिल्लाह.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा दादींनी विचारले, "पण चिचुंद्रीलाही विष असते का हो?" प्रश्न साधा होता, उत्तर मात्र मोठे गमतीचे आहे.

आपल्या घरात कोपऱ्याकोपऱ्याने पळणारी चिचुंद्री चावली तर जखम धुऊन डॉक्टरांना दाखवावी, एवढेच. पण तिच्याच कुळातील उत्तर अमेरिकेतील आखूड शेपटीच्या चिचुंद्रीच्या लाळेत खरोखर विष असते. त्याने ती गांडुळे आणि लहान उंदरांसारखे प्राणी लुळे करते. क्यूबा आणि हिस्पॅनिओला बेटांवरील सोलेनोडॉन हा प्राणी खालच्या दाताच्या खाचेतून विष सोडतो. ऑस्ट्रेलियातील प्लॅटिपसच्या नराच्या मागच्या पायाला विषारी काटा असतो. हे सारे पिलांना दूध पाजणारे प्राणी. सापाशी त्यांचे नाते फार दूरचे. त्यांनी विष सापाकडून घेतलेले नाही. प्रत्येकाकडे ते स्वतंत्रपणे तयार झाले.

मग इतक्या दूरच्या प्राण्यांत सारखी गोष्ट कशी घडली? उत्तर लाळेत आहे. सापाची विषग्रंथी म्हणजे तोंडातील ग्रंथीचेच बदललेले रूप. सस्तन प्राण्यांच्या लाळेत कॅलिक्रेन नावाची प्रथिने असतात. ती माणसाच्या लाळेतही आहेत. रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब उतरवणारा पदार्थ त्यांच्यामुळे तयार होतो. आपल्यात हे काम मापात चालते. अमेरिकेतील चिचुंद्रीत याच प्रकारच्या प्रथिनात थोडे थोडे बदल होत ते जहाल झाले. गंमत अशी, की अमेरिकेतील हीला नावाच्या विषारी सरड्यातही याच जातीचे प्रथिन जवळजवळ तशाच बदलांनी विष झाले आहे. जणू दोन गावच्या सुतारांनी एकमेकांना न विचारता एकाच लाकडातून एकच अवजार घडवले.

2021 साली जपानमधील ओकिनावा येथील शास्त्रज्ञांनी हबू या घोणसाच्या कुळातील सापाच्या विषग्रंथीचा अभ्यास प्रसिद्ध केला. विष बनवण्याच्या कामात मागून मदत करणारी सुमारे 3000 जनुके त्यांना आढळली. खूप प्रथिने बनवताना पेशीवर येणारा ताण सांभाळणे हे त्यांचे काम. हीच जनुकांची जुळणी सस्तन प्राण्यांच्या लाळग्रंथीतही दिसली. म्हणजे भट्टी दोन्हीकडे जुनीच आहे. काहींनी तीत विष रांधले, आपण रांधले नाही.

विष प्रथिनांचे असल्यामुळेच त्यावर औषधही करता आले. घोड्याला विषाची अगदी थोडी थोडी मात्रा देतात आणि त्याच्या रक्तात तयार होणाऱ्या प्रतिद्रव्यांपासून प्रतिसर्पविष बनवतात. आपल्याकडील लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. नाग व मण्यारीचे विष मुख्यतः मज्जातंतूंवर, घोणस व फुरशाचे रक्तावर मारा करते. रक्तात भिनलेल्या प्रथिनाला मंत्र ऐकू येत नाही.

मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने डहाणू तालुक्यात आदिवासी, भगत, सर्पमित्र आणि डॉक्टर या सर्वांशी बोलून सर्पदंशाचा अभ्यास केला आहे. भगताला शत्रू न मानता रुग्णाला तातडीने दवाखान्यात पाठवणारा मदतनीस बनवावे, हा विचार आम्हाला फार पटतो. आपल्या वस्त्यांतील दम-ताविजवाल्यांनाही तो लागू आहे. दुआ जरूर करावी. पण दवाखान्याच्या वाटेवर करावी. तवक्कुल म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे.

भगिनींनो, एवढे ध्यानात ठेवा. मण्यार रात्री झोपेत चावते, वेदना फारशी होत नाही, खूण अनेकदा दिसत नाही. रात्री चावल्याचा संशय आला आणि पोटदुखी, जड पापण्या, गिळताना त्रास असे काही दिसले तर क्षणही दवडू नका. संशय दाट असेल तर लक्षणांची वाटही पाहू नका. चावलेला अवयव लाकडाच्या आधाराने स्थिर ठेवा. घट्ट दोरी बांधू नका, जखम कापू नका, चोखू नका. रुग्णाला चालवू नका. 108 ला फोन करा, किंवा मिळेल त्या वाहनाने निघा. पावसाळ्यात खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा.

त्या घरी आता खाट आली आहे, मच्छरदाणीही आली आहे. दादी येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना सांगतात, "रात्री पोराला काही चावले तर चिचुंद्रीचे नाव घेऊ नका. आधी गाडी काढा."