पहिले पुस्तक: पैसे कुणी द्यायचे आणि निवड कुणी करायची?



आपल्यापैकी अनेकांच्या कॉम्प्युटरवर ‘पुस्तक’ नावाचे एक फोल्डर असते. कुणी आजोबांच्या आठवणी लिहिलेल्या असतात, कुणी इथल्या विद्यार्थिदशेतल्या हालअपेष्टा, कुणी कविता, कुणी आपल्या विषयावर मराठीत सोपे काही. माझ्याही फोल्डरमध्ये एक हस्तलिखित आहे. जनुके, वंश आणि जात यांबद्दल आनुवंशिकीशास्त्र खरोखर काय सांगते आणि काय सांगत नाही, हे दहावी-बारावीच्या मुलामुलींना समजेल अशा मराठीत लिहिण्याचा तो प्रयत्न आहे. मी याच क्षेत्रात संशोधन करते, शोधनिबंध लिहिण्याची सवय आहे. पण पुस्तक हे पहिलेच.

ते कुठून आणि कसे प्रसिद्ध करावे याचा विचार गेले वर्षभर चालू आहे. त्यातून जे मत बनले ते इथे मांडते, कारण प्रश्न माझ्या एकटीचा नाही. आपण इथले मराठी लोक या प्रश्नाचे जे उत्तर देतो, त्याचा परिणाम तिकडे महाराष्ट्रात कुणाचे पुस्तक निघते आणि कुणाचे राहते यावर होतो.

नवख्या लेखकापुढे ढोबळमानाने तीन मार्ग असतात. पहिला, जो प्रकाशक हस्तलिखित वाचून, निवडून, स्वतःच्या खर्चाने छापतो त्याच्याकडे जाणे. इथे उत्तर यायला महिनोन्‌महिने लागतात आणि ते बहुधा नकाराचे असते. दुसरा, लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढणारा प्रकाशक. तिसरा, सगळे स्वतःच करणे: अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, छपाई, नाहीतर सरळ ई-पुस्तक. अ‍ॅमेझॉनने २०१६ च्या डिसेंबरमध्ये किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतल्या पुस्तकांचे दालन उघडले, तेव्हापासून हा तिसरा मार्ग अमेरिकेतल्या माणसालाही घरबसल्या खुला झाला आहे.

आपल्या मंडळींचा कल मात्र दुसऱ्या मार्गाकडे असतो, आणि का असतो ते मला अलीकडेच कळले. एका प्रकाशकाकडून (नाव देत नाही, कारण प्रश्न एका प्रकाशकाचा नाही) आठ दिवसांत होकार आला. सोबत अंदाजपत्रक होते. खर्च दीड लाख रुपये. ५०० प्रतींची आवृत्ती, त्यातल्या ३०० प्रती लेखिकेने उचलायच्या. प्रकाशन समारंभ वेगळा, प्रमुख पाहुण्यांची व्यवस्था वेगळी. आयएसबीएन क्रमांकाचे वेगळे पैसे. हा क्रमांक भारतात प्रकाशकाला सरकारच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. मजकुराबद्दल मात्र एकही प्रश्न नव्हता. कुठले प्रकरण कळले नाही, कुठे पुरावा अपुरा वाटला, कुठे भाषा जड झाली, काही म्हणजे काही नाही.

दीड लाख रुपये म्हणजे दोन हजार डॉलरच्या आत. आपल्यापैकी बहुतेकांना ते झेपतात. म्हणूनच “आमचे पैसे, आमची हौस, यात कुणाचे काय बिघडते?” असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, आणि त्याला टवाळीने उत्तर देऊ नये. आपल्या भाषेत काही लिहून जावे असे वाटणे ही चांगली गोष्ट आहे, आणि नातवंडांसाठी आठवणींच्या पन्नास प्रती छापल्या तर कुणाचेच काही बिघडत नाही.

पण ज्या पुस्तकाला अनोळखी वाचक हवा आहे, त्याची गोष्ट निराळी. मराठी पुस्तकाची आवृत्ती लहान असते, विक्री हळू होते आणि पैसे उशिरा वसूल होतात. अशा धंद्यात ज्या पुस्तकाचा खर्च आधीच निघालेला आहे, ते पुस्तक विकण्याची प्रकाशकाला निकड राहत नाही. त्याच्या दृष्टीने लेखक हाच गिऱ्हाईक झालेला असतो. ३०० प्रतींचे गठ्ठे जहाजाने न्यू जर्सीच्या बेसमेंटमध्ये येतात, अधिवेशनात स्टॉल लागतो, स्नेही भिडेखातर एकेक प्रत घेतात. इकडे प्रकाशकाच्या यादीत मात्र एक जागा भरलेली असते. हिंगोलीतल्या ज्या शिक्षिकेने वर्गातल्या अनुभवांवर खणखणीत पुस्तक लिहिले आहे, तिलाही मग हेच अंदाजपत्रक पाठवले जाते, आणि तिला ते झेपत नाही. डॉलरने फक्त आपले पुस्तक निघत नाही, दरही ठरतो. कुणी बोलावे हे पैशाने ठरू नये असे आपण इतर सगळ्या बाबतीत म्हणतो. मग पुस्तकांच्या बाबतीतही म्हणायला हवे.

याचा अर्थ लेखकाने पैसे खर्च करणे हेच वाईट, असा नाही. माझ्या व्यवसायातले उदाहरण देते. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’ हे नियतकालिक सुरू झाले. ते वाचकाला पूर्ण मोफत होते आणि खर्च संशोधकाकडून, म्हणजे बहुधा त्याच्या अनुदानातून, घेतला जाई: सुरुवातीला निबंधामागे १,५०० डॉलर. पैसे घेऊन छापणार म्हणजे दर्जा घसरणार, अशी टीका झाली. तसे झाले नाही, कारण निबंध निवडणारे परीक्षक वेगळे होते आणि पैशाचा प्रश्न निवडीनंतर येत होता. पुढे याच पद्धतीची नक्कल करून पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके उगवली. ग्रंथपाल जेफ्री बील यांनी त्यांना ‘शिकारी’ नियतकालिके म्हटले. दोन्हीकडे लेखकच पैसे देतो. फरक एवढाच की पहिल्या ठिकाणी नकार मिळू शकतो. ही कसोटी पुस्तकालाही लागू पडते. ज्या प्रकाशकाकडून नकार येणे शक्यच नाही, त्याच्या होकाराला काय अर्थ?

मात्र नकार देणारा नेहमी बरोबरच असतो, असेही समजू नये. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले आणि ते तिथून परत आले, असे त्यांनीच नोंदवून ठेवले आहे. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केली. अमेरिकेत गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केलेले हे पुस्तक कुठल्या कमिटीच्या पसंतीसाठी थांबले असते, तर थांबूनच राहिले असते. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षीय भाषणातला काही भाग गाळावा अशी मागणी केली. त्यांनी नकार दिला, परिषदच रद्द झाली, आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. १,५०० प्रतींची ती आवृत्ती दोन महिन्यांत संपली. आज जगभरच्या विद्यापीठांत वाचला जाणारा ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हा ग्रंथ मुळात असा स्वखर्चाने निघाला. तेव्हा स्वतः छापणे म्हणजे हौस आणि मोठ्या नावाखाली छापणे म्हणजे गुणवत्ता, हे समीकरण आपल्या परंपरेला तरी धरून नाही.

अमेरिकेतल्या मराठी लेखकासाठी सर्वांत उपयोगी उदाहरण मला पंडिता रमाबाईंचे वाटते. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला आल्या. पुढच्या वर्षी त्यांनी ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक तिथेच छापून घेतले. प्रस्तावना आनंदीबाईंच्या कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांची. कुठल्या मोठ्या प्रकाशन संस्थेचा आधार नव्हता. पण व्याख्यानांमधून, आणि विधवांच्या शाळेसाठी निधी उभारू पाहणाऱ्या अमेरिकन स्त्रियांमधून, पुस्तक वाचणारा वर्ग तयार होत होता. हजारो प्रती खपल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. फ्लेमिंग रेव्हेल या मोठ्या अमेरिकन प्रकाशकाने या पुस्तकाची आवृत्ती काढली ती १९०१ मध्ये, म्हणजे वाचक सिद्ध झाल्यावर चौदा वर्षांनी.

आणि मराठी वाचकासाठी? अमेरिकेविषयीचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिले आणि ते १८८९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखान्यात छापले गेले. लेखिका एक, वाचक दोन, मार्ग दोन. रमाबाईंनी आधी वाचक ठरवला आणि पुस्तक त्याच्यापर्यंत पोचेल असा मार्ग निवडला. आपण नेमके उलट करतो. आधी “पब्लिशर कोण मिळेल?” विचारतो आणि वाचकाचा विचार स्टॉल लावताना करतो.

वाचकाकडून सुरुवात केली की एक संस्थाही आठवते. १९७४ मध्ये ‘ग्रंथाली’ ही वाचक चळवळ सुरू झाली. वाचकांनी सभासद व्हायचे, आधी पैसे द्यायचे आणि पुस्तके स्वस्तात मिळवायची, असा तो व्यवहार होता. इथेही पैसे आधीच येत होते, पण ते वाचकाकडून. या व्यवहारातून दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आले. या लेखकांना अंदाजपत्रक पाठवले गेले असते, तर मराठी साहित्य केवढ्याला मुकले असते!

आता थोडे व्यावहारिक. कुठलाही मार्ग घ्या, करार वाचल्याशिवाय सही करू नका. भारतीय कॉपीराइट कायद्याचे (१९५७) कलम १९ प्रत्येक नव्या लेखकाने वाचावे असे आहे. हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मानधनावर, हे त्यात लिहिलेले असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दिलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही, आणि करारात वेगळे काही नसेल, तर तो हक्क लेखकाकडे परत येतो. कायदा लेखकाच्या बाजूने आहे. घात होतो तो “सर्व हक्क कायमचे” या एका ओळीवर आपण न वाचता सही करतो तेव्हा. तीच काळजी किंडलवरही घ्यावी. तिथल्या ‘सिलेक्ट’ योजनेत नाव घातले की ९० दिवसांपर्यंत ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही देता येत नाही.

माझ्यापुरते मी असे ठरवले आहे. माझा वाचक महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजात आहे, मेरीलँडमध्ये नाही. म्हणून पुस्तक तिथेच, तिथल्या मुलाला परवडेल अशा किमतीत निघायला हवे. पैसे खर्च करायचे तर ते संपादनावर करणार. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी मौजेत लेखकांकडून पुनःपुन्हा लिहून घेतले, त्या कामाला आजही पर्याय नाही. त्यांच्या अभिरुचीविरुद्ध तरुणांनी १९६९ मध्ये ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली हे खरे, पण संपादन नको असे त्यातून निघत नाही, संपादक एकाच वर्तुळातले नकोत एवढेच निघते. म्हणून हस्तलिखित एका व्यावसायिक संपादकाकडे दिले आहे, आणि ग्रामीण शाळांत विज्ञान शिकवणाऱ्या दोन शिक्षकांकडेही. त्यांच्या सूचनांनंतर ते स्वखर्चाने छापणाऱ्या प्रकाशकांकडे जाईल. छापील पुस्तकाचे हक्क भारतापुरते आणि पाच वर्षांसाठी देईन, ई-पुस्तकाचे माझ्याकडे ठेवीन. वर्षभरात सगळीकडून नकार आला, तर नकारांची कारणे वाचून मग स्वतः काढीन. पैसे घेऊन न वाचता होकार देणाऱ्याला मात्र “नको” कळवले आहे.

मंचापुढे दोन सूचना ठेवते. एक, आपल्या कार्यक्रमांत प्रकाशन समारंभांऐवजी हस्तलिखित वाचनाचे गट सुरू करावेत. पाच-सहा जणांनी छापण्यापूर्वी वाचावे आणि भीड न ठेवता बोलावे. लेखकाला शालीपेक्षा त्याचा उपयोग अधिक. दोन, दरवर्षी महाराष्ट्रातल्या दोन नव्या लेखकांच्या हस्तलिखितांचे संपादन आपण वर्गणीतून करून द्यावे. निवड आपल्यापैकी कुणी करू नये. तिथल्या शिक्षकांनी, ग्रंथपालांनी, कार्यकर्त्यांनी करावी. एका पुस्तकाच्या समारंभावर आणि जहाजाच्या भाड्यावर आपण जे घालवतो, तेवढ्यात हे होण्यासारखे आहे.

पहिल्या सूचनेसाठी माझे हस्तलिखित तयार आहे. वाचायला कोण येतो ते कळवा. मतभेद असतील तर तेही अवश्य कळवा.